स्फोट झाला, तर तारा उरला कसा?

नोव्हेंबर २०२० मधली गोष्ट. करोनामुळे सगळे घरात कोंडलेले. आमच्या हंट्सव्हिलमधल्या दहा-बारा मराठी कुटुंबांनी दिवाळीचा फराळ झूमवर केला आणि पुढच्या शनिवारी 'कोणीतरी काहीतरी बोलायचं' असं ठरलं. पहिला नंबर माझा लागला. मी खगोलशास्त्रज्ञ नाही, एका विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळते. पण आकाशाचा नाद जुना आहे, आणि त्या आठवड्यात वृषभ राशीत एक विलक्षण गोष्ट चालू होती. ए ०५३५+२६ असं रुक्ष नाव असलेला एक स्पंदक क्ष-किरणांत इतका उजळला होता की त्याची इतकी तेजस्विता याआधी कधी नोंदली गेली नव्हती. मी भाषणाला झोकात नाव दिलं: 'वृषभ राशीत महास्फोट'. निळ्या-पांढऱ्या चकत्यांची चित्रं दाखवली, आकडे सांगितले, टाळ्यांच्या इमोजी आल्या.

मग एका मैत्रिणीच्या आईने माइक सुरू केला. काकू हर्णैच्या. मार्चमध्ये लेकीकडे आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, स्फोट झाला म्हणतेस, मग तारा उरला कसा? आणि १९७५ सालीही झाला होता म्हणालीस. एकाच ताऱ्याचा किती वेळा स्फोट व्हायचा?"

कोणीतरी हसलं. मी 'तो तसा स्फोट नसतो, काकू' असं काहीतरी पुटपुटले आणि पुढच्या स्लाइडवर गेले. पण प्रश्न बरोबर होता. चूक माझ्या शीर्षकातच होती. गेली काही वर्षं या विषयावर मराठीत आणि इंग्रजीत जे जे लिहिलेलं दिसतं, ते मी त्या प्रश्नाच्या चाळणीतून काढते आहे. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे. त्यात टीका आहे, आणि पहिली टीका माझ्यावरच आहे.

आधी नेमकं काय घडतं ते पाहू. ही एक जोडी आहे. एक मोठा, गरम, स्वतःभोवती भन्नाट वेगाने फिरणारा तारा. त्या वेगामुळे त्याचा वायू कंबरेपाशी सुटून त्याच्याभोवती चकती होते. दुसरा न्यूट्रॉन तारा: सूर्याहून जास्त वस्तुमान, आणि रुंदी चर्चगेट ते अंधेरी एवढी. हा छोटा मोठ्याभोवती लांबट कक्षेत साधारण १११ दिवसांत एक फेरी मारतो. जवळ आला की चकतीतला वायू ओढून घेतो. वायू त्याच्या चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने ध्रुवांवर कोसळतो, तापतो आणि क्ष-किरण फेकतो. तारा सुमारे १०३ सेकंदांत स्वतःभोवती एकदा फिरतो, म्हणून आपल्याला ते किरण दीपगृहासारखे ठरावीक ठेक्यात येताना दिसतात. यात काही फुटत नाही. सगळं पडतं.

आता आपल्या बातम्यांकडे वळू. मराठीत खगोलशास्त्राची परिभाषा गरीब नाही. श्वेतबटू, कृष्णविवर, तेजोमेघ, दीर्घिका, स्पंदक हे शब्द शाळकरी मुलांनाही ओळखीचे झाले आहेत. अचानक उजळणाऱ्या ताऱ्यांतही आपण भेद करतो: नवतारा वेगळा, अतिनवतारा वेगळा. पण यापुढे जे काही उजळतं, त्या सगळ्याची मोट आपण 'स्फोट' या एका शब्दात बांधतो. ठळक मथळा हवा असेल तर 'महास्फोट'. आणि महास्फोट हा शब्द तर विश्वाच्या आरंभासाठी आधीच खर्ची पडलेला आहे! म्हणजे माझं शीर्षक ऐकून एखाद्याला वाटलं असतं की वृषभ राशीत दुसरं विश्व जन्माला आलं, तर दोष त्याचा नव्हता.

हा शब्दांचा कीस आहे असं कोणी म्हणेल. म्हणून एक खरं उदाहरण घेते, जिथे या एका शब्दाने बातमीचा अर्थच लावता येत नाही.

सॅक्स जे१८०८.४-३६५८ हा स्पंदक आपल्यापासून साधारण ११,००० प्रकाशवर्षांवर आहे. तो सेकंदाला ४०१ वेळा फिरतो. अशा प्रकारचा, म्हणजे जोडीदाराचा वायू ओढत मिलिसेकंदांत फिरणारा, पहिला स्पंदक म्हणून त्याची ओळख १९९८ मध्ये पटली. त्याचा जोडीदार अगदी हलका आहे आणि दोघं दोन तासांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. दर दोन-चार वर्षांनी हा स्पंदक काही आठवडे उजळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये तो असाच उजळत असताना, अमेरिकेतल्या वेळेनुसार २० तारखेच्या रात्री, अंतराळस्थानकावरच्या नायसर दुर्बिणीने त्याच्यावर सुमारे २० सेकंदांचा एक प्रचंड लखलखाट टिपला. नासाच्या प्रसिद्धिपत्रकात तुलना होती की सूर्याला जेवढी ऊर्जा द्यायला जवळजवळ दहा दिवस लागतात, तेवढी इथे वीस सेकंदांत बाहेर पडली.

तुलना चांगली आहे, लक्षात राहते. पत्रकाच्या मजकुरात कारणही नीट दिलं होतं: पृष्ठभागावर साठलेला हेलियमचा थर एकदम पेटला. पण ही बातमी मराठीत आणताना काय होतं बघा. आठवडे चालणाऱ्या उजळण्याला आपण 'स्फोट' म्हणणार, वीस सेकंदांच्या लखलखाटालाही 'स्फोट'च म्हणणार. वाक्य होणार: 'स्फोट चालू असताना स्फोट झाला.' वाचणारा पुढे सरकेल, कारण खगोलशास्त्रात असंच काहीतरी अगम्य असतं अशी त्याची समजूत झालेली आहे. ती समजूत आपणच करून दिली आहे.

वास्तविक या दोन घटनांत ऊर्जेचा उगमच वेगळा आहे. वीस सेकंदांची घटना अणुभट्टीची: थर पेटला, जळाला, संपला. आठवड्यांची घटना मात्र पडण्याची. आणि इथे विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट लपलेली आहे, जी 'स्फोट' शब्दामुळे कोणाला सांगताच येत नाही. हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाचा जेमतेम ०.७ टक्के भाग ऊर्जेत बदलतो. सूर्य त्यावर चालतो, हायड्रोजन बॉम्बचा धाकही याच जातीच्या विलीनीकरणाचा. तोच वायू न्यूट्रॉन ताऱ्यावर नुसता पडला, तर त्याच्या वस्तुमानाच्या १० ते २० टक्क्यांइतकी ऊर्जा सुटते. म्हणजे या ताऱ्यांपाशी पडणं हे जळण्याच्या कितीतरी पट भारी आहे. आपण मथळ्यात फुटणं घालतो आणि या पडण्याचं नावही घेत नाही.

भाषणानंतर दोन दिवसांनी मी काकूंना फोन केला. या वेळी स्लाइड नव्हत्या. १११ दिवसांची कक्षा सांगितली, जवळ येणं, दूर जाणं, वायू ओढणं सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "म्हणजे उधाण म्हण की. अमावास्या-पौर्णिमेला येतं तसं. त्याला स्फोट कशाला म्हणायचं?"

मी इतकी खूश झाले की लगेच वहीत लिहून ठेवलं. पण आवडला म्हणून शब्द स्वीकारायचा, हे माझ्या शीर्षकासारखंच झालं असतं. म्हणून उधाणाचीही परीक्षा घेऊ.

बाजूने बरंच आहे. या जोड्यांचे उद्रेक शास्त्रज्ञ दोन प्रकारांत मांडतात. पहिल्या प्रकारचे नेमाने येतात, न्यूट्रॉन तारा जोडीदाराच्या जवळ आला की. त्यांना तिथी असते, त्या मधल्या काळात भांग असतो. शिवाय चकतीची बाहेरची कड कुठे संपायची हेही न्यूट्रॉन ताऱ्याच्या ओढीने, म्हणजे खरोखर भरती-ओहोटीच्याच बळाने ठरतं. त्यामुळे हा शब्द नुसता शोभेचा नाही, आतल्या यंत्रणेपर्यंत पोचणारा आहे. विरुद्ध बाजूने दोन मुद्दे. उधाणाचं पाणी ओहोटीला परत जातं, इथे ताऱ्यावर पडलेला वायू परत जात नाही. आणि दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे २०२० सारखे महाउद्रेक तिथी पाळत नाहीत. ते कक्षेच्या कुठल्याही टप्प्यावर सुरू होऊ शकतात, एकेका फेरीहून जास्त टिकू शकतात, आणि मध्ये वर्षानुवर्षं येत नाहीत. चकती कलते, मुरडते आणि न्यूट्रॉन तारा तिच्यात घुसतो असा एक अंदाज आहे, पण शास्त्रज्ञांचं त्यावर अजून एकमत नाही. त्याला उधाण म्हणणं चूक ठरेल. तो पूर आहे.

आणि सॅक्स जे१८०८? तिथे तर कक्षा जवळजवळ गोल, तिथीचा प्रश्नच नाही. तिथे न्यूट्रॉन ताऱ्याभोवतीच्या चकतीत वायू वर्षानुवर्षं साठत राहतो. साठा एका मर्यादेपलीकडे गेला, तापला, की चकतीची प्रकृतीच बदलते आणि साठलेलं एकदम खाली वाहू लागतं. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायला नको. दर पावसाळ्यात राधानगरी धरण भरलं की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'विसर्ग सुरू' अशी बातमी येते. ती बातमी देणाऱ्याला पाणी साठणं, दार उघडणं आणि पूर येणं यांतला फरक पक्का ठाऊक असतो. तोच पेपर आकाशाकडे वळला की सगळ्याचा स्फोट करतो.

या विसर्गाचा एक पुरावाही २०१९ मध्येच मिळाला. उद्रेक येण्याची वेळ झाली आहे या हिशेबाने एक गट त्या ताऱ्यावर साध्या दृश्य प्रकाशात आधीपासून नजर ठेवून होता. क्ष-किरण वाढण्याच्या १२ दिवस आधी तारा दृश्य प्रकाशात हलू लागला होता. चकतीच्या बाहेरच्या भागातली हालचाल आत ताऱ्यापर्यंत पोचायला तेवढा वेळ गेला. धरणाचं दार उघडल्यावर खालच्या गावात पाणी पोचायला वेळ लागतो, तसाच. ही बारा दिवसांची बातमी मला त्या वीस सेकंदांच्या लखलखाटाहून मोठी वाटते, पण लखलखाट जगभर गेला आणि बारा दिवस शोधनिबंधात राहिले.

म्हणून माझा कौल असा: सर्वसाधारण शब्द 'उद्रेक', कारण तो ज्वालामुखीला चालतो आणि साथीलाही चालतो. उद्रेक चढतो, टिकतो, ओसरतो, परत येऊ शकतो. कक्षेला बांधलेला असेल तर उधाण, साठून वाहिला तर विसर्ग, आणि पृष्ठभागावरचा थर पेटला तर भडका. सगळे शब्द घरचे आहेत. कोणत्याही समितीने बसून घडवलेले नाहीत.

आता चित्रांबद्दल. या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखावर एक देखणं चित्र असतं: निळा तारा, त्यातून ओघळणारा केशरी वायू, मध्ये पांढरा ठिपका, दोन शंकू. ते चित्रकाराने काढलेलं असतं आणि मूळ पत्रकात तसं लिहिलेलंही असतं. व्हॉट्सअपवर फिरता फिरता ती ओळ गळते आणि उरतो तो 'फोटो'. मीही तो तसाच दाखवला होता. खरं म्हणजे या जोडीतले दोघे आणि त्यांच्यामधला वायू असा फोटो कोणत्याही दुर्बिणीने आजवर घेतलेला नाही. इतक्या दूरवर ते सगळं मिळून एक ठिपका आहे.

मग पाहतात कसं? क्ष-किरण आपल्या हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून उपकरण वर न्यावं लागतं. आमच्याच गावात ज्याचं काम चालतं त्या फर्मी उपग्रहावरच्या 'जीबीएम' या उपकरणाचे बारा शोधक तर दुर्बिणी नाहीतच. त्यांना भिंग नाही, आरसा नाही. उपग्रहाच्या अंगावर निरनिराळ्या दिशांना तोंड करून बसवलेले ते स्फटिक आहेत. आकाशातून येणारं सगळं त्यांच्यात एकत्र मिसळतं. त्यातून एक स्पंदक ओळखायचा तो त्याच्या ठेक्यावरून. १०३ सेकंदांचे तुकडे पाडायचे आणि एकावर एक रचत जायचं. बाकीचा गोंगाट एकमेकांत विरतो, ठेका उठून दिसतो. मंडईच्या कोलाहलात आपल्या आईची हाक ओळखू यावी, तसं.

आणि उद्रेकात तो ठेका बदलतो. पडणारा वायू ताऱ्याला फिरण्याच्या दिशेने ढकलतो, जात्याला दुसऱ्या बाईने हात लावावा तसा, आणि तारा किंचित जलद फिरू लागतो. ठेका किती बदलला त्यावरून किती वायू पडला याचा अंदाज येतो. हा हिशेब ज्यांच्या मांडणीवर आजही उभा आहे त्या १९७९ च्या शोधनिबंधाचे कर्ते घोष आणि लॅम्ब. यांतले प्रणब घोष पुढे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये होते. टीआयएफआरनेच बनवलेलं झेनॉन वायूने भरलेलं लॅक्सपीसी उपकरण २८ सप्टेंबर २०१५ रोजी ॲस्ट्रोसॅटबरोबर वर गेलं. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये स्विफ्ट जे०२४३.६+६१२४ हा तोवर अज्ञात असलेला स्पंदक उजळला. त्याने पुढे आपल्या आकाशगंगेतला पहिला अतितेजस्वी क्ष-किरण स्पंदक म्हणून मान मिळवला, आणि ॲस्ट्रोसॅटनेही तो उद्रेक पाहिला. उड्डाणाच्या दिवशी आपण सगळ्यांनी अभिमानाने फोटो पुढे पाठवले होते. दोन वर्षांनी त्या उपकरणाने काय पाहिलं, हे आपल्यापैकी किती जणांनी वाचलं? अभिमान वाटण्यासारखी गोष्ट उड्डाण नव्हती, ती ही होती.

एका लेखनप्रकाराचं मात्र मनापासून कौतुक करायचं आहे. १९९७ पासून खगोलशास्त्रज्ञ एकमेकांना 'ॲस्ट्रॉनॉमर्स टेलिग्राम' पाठवतात. परिच्छेद-दोन परिच्छेदांचा मजकूर: कुठे पाहिलं, कधी, कशाने, किती, आणि त्या 'किती'त चूक केवढी असू शकते. विशेषण जवळपास नसतं. शेवटी बहुधा विनंती असते की ज्यांना जमेल त्यांनी पाहावं. मला हा प्रकार आवडतो, कारण त्यात लिहिणारा वाचणाऱ्याला टाळ्या वाजवायला सांगत नाही, कामाला लावतो. पण त्यातही एक दोष आहे. तेजस्वितेचं त्यांचं माप म्हणजे 'क्रॅब', वृषभ राशीतल्याच खेकडा तेजोमेघाच्या तेजाएवढं. २०२० च्या उद्रेकाचा कळस सुमारे १२ क्रॅब होता. (काकू म्हणाल्या, "बारा कुर्ल्या?") बाहेरच्या माणसाला यातून काही कळत नाही, आणि आतल्यांचाही भरवसा पुरा नाही. हंट्सव्हिलच्याच कॉलीन विल्सन-हॉज यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने २०११ मध्ये दाखवून दिलं की २००८ पासूनच्या दोन वर्षांत हा तेजोमेघच सुमारे ७ टक्क्यांनी मंदावला होता. मापाचा शेरच हलत होता! पण तेही त्यांनी स्वतःच शोधून स्वतःच छापलं. लेखनाची ही शिस्त आपल्याला उसनी घेता येईल.

हे सगळं इतकं का लावून धरायचं? आमच्या मुलांशी आम्ही मराठीत जेवणाबद्दल, सणांबद्दल, आजी-आजोबांबद्दल बोलतो. गणित, शरीर, आकाश आलं की नकळत इंग्रजीत शिरतो. मुलं त्यातून एक अनुमान काढतात, ते बोलून दाखवत नाहीत एवढंच: मराठी ही जिव्हाळ्याची भाषा आहे, कळण्याची नाही. 'स्फोट'सारखा ढोबळ शब्द वापरून मी तेच अनुमान पक्कं करत होते. आणि त्या दिवशी सगळ्यांत नेमका प्रश्न विचारला तो आकाशाचं एकही पुस्तक न वाचलेल्या बाईने, मराठीत. गंमत म्हणजे त्या वर्षी आम्हा सगळ्यांनाच रोज एक आलेख वाचायची सवय लागली होती, चढणारा, टिकणारा, ओसरणारा. मी निळ्या चकतीऐवजी तो आलेख दाखवला असता, तर कोणाला काही समजावून सांगावं लागलं नसतं.

टीका करणाऱ्याने एकदा तरी स्वतः करून दाखवावं. म्हणून तीच बातमी मी टेलिग्रामच्या धर्तीवर पुन्हा लिहिली:

'वृषभ राशीत, खेकडा तेजोमेघापासून जेमतेम तीन बोटांवर, सुमारे ६,००० प्रकाशवर्षं दूर एक जोडी आहे. तिच्यातला न्यूट्रॉन तारा मोठ्या ताऱ्याचा वायू ओढून घेत आहे. एरवी दर १११ दिवसांनी उधाण येतं, या वेळी पूर आला आहे. नोव्हेंबर २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात तो क्ष-किरणांत खेकडा तेजोमेघाच्या बारा पट तेजस्वी होता. डोळ्यांना यातलं काही दिसणार नाही. पण जोडीतला मोठा तारा नवव्या प्रतीचा आहे आणि छोट्या दुर्बिणीतून हिवाळ्यात कोणालाही दिसू शकतो. जमलं तर पाहा.'

काकू २०२१ मध्ये हर्णैला परतल्या. हा परिच्छेद मी त्यांना पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "आता कळलं. पण न्यूट्रॉन म्हणजे काय ते राहिलं."

त्यावर काम चालू आहे.